मधल्या बाकाची ग्रेड

जगात अशी वस्तू नसेल, जिच्या मधोमध कोपरापर्यंत हात घालून आमच्या घरमालकांनी तिचा नमुना बाहेर काढला नाही. सरकारी कापूस खरेदी केंद्रावर ते ग्रेडर होते. शेतकऱ्याची बंडी, म्हणजे बैलगाडी, समोर आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र कापसाकडे ते ढुंकूनही बघत नसत. वरचा माल दाखवण्यासाठीच असतो, असं त्यांचं म्हणणं. बाही दुमडून ते बंडीच्या पोटात हात खुपसत, मधून एक पुंजका ओढून काढत, दोन्ही अंगठ्यांत धरून त्याचा धागा ताणत, मग तो गालाला लावून ओल बघत आणि ग्रेड सांगत. ती बदलून मागायची हिंमत ना शेतकऱ्यात होती, ना त्यांच्या साहेबांत. पुढे नोकरी संपली, पण हाताची सवय काही निवृत्त झाली नाही. आठवडी बाजारात त्यांना येताना बघितलं की भाजीवाल्या बाया टमाट्याच्या ढिगावर पदर पसरत. कीर्तनाला ते अर्धं झाल्यावर जात, दहा मिनिटं डोळे मिटून ऐकत आणि "धागा आखूड हाय" म्हणून परत येत. पुतणीसाठी स्थळ बघायला गेले तेव्हा ना मुलाशी बोलले, ना त्याच्या बापाशी. पोहे येईपर्यंत उठून थेट त्यांच्या गोठ्यात शिरले, बैलांच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन म्हणाले, "बैल उपाशी हायेत. पोरगी नाही द्याची इथं." पोहे तसेच राहिले.

मी यवतमाळचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या कचेरीतली नोकरी, त्यामुळे कापूस मी उशीत भरलेलाच पाहिलेला. दारव्ह्याकडच्या त्या मोठ्या गावात हायस्कूलचा मास्तर म्हणून लागलो आणि खोली मागायला यांच्या दारात उभा राहिलो. त्यांनी माझी डिग्री विचारली नाही, जात विचारली नाही. माझी ट्रंक उघडली, इस्त्रीचे शर्ट बाजूला न करता त्यांच्या खालून हात घातला आणि मधून एक बनियन ओढून काढलं. त्याला तीन भोकं होती. ती त्यांनी उजेडाकडे धरून बघितली. "वरून कडक इस्त्री, मधात भोकं," ते म्हणाले, "पण सुती हाय. राहा." त्यानंतर अनेकदा मी त्यांना विचारलं, की माझी ग्रेड कोणती. ते दर वेळी एकच उत्तर देत, "तुमचा सँपल अजून पाह्यला नाही, मास्तर." बनियन बहुधा त्यांनी हिशेबात धरलं नव्हतं.

त्यांचं साम्राज्य म्हणजे गावाच्या कडेचं खरेदी केंद्राचं आवार. चांगल्या दिवसांत तिथे बंड्यांची रांग थेट एसटी स्टँडपर्यंत लागायची. आपला नंबर येईपर्यंत शेतकरी तीन-तीन दिवस बंडीखाली झोपायचे आणि तिथेच भाकरी थापायचे. मग कापसाचे वाईट दिवस आले. भाव पडले, केंद्र बंद झालं, माल व्यापाऱ्यांच्या दारात जाऊ लागला आणि आवारात गवत वाढलं. पण आमचे घरमालक रोज सकाळी सातला आवाराचं फाटक उघडत, कापसाची गंजी रचायचा ओटा झाडत, त्यावर संध्याकाळपर्यंत बसत आणि घरी येऊन काकूंना सांगत, "आज कोणी आलं नाही." जणू उद्या येणार होतं. मी एकदा म्हटलं, "काका, आता कशाला जाता?" तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "केंद्र चालू झालं अन् फाटक बंद दिसलं, तं बंड्या कोठी जाईन?"

भांडण पेटलं ते याच आवारावरून. आमच्या हायस्कुलात आसपासच्या सगळ्या खेड्यांची लेकरं कोंबलेली होती. वर्ग व्हरांड्यात भरत, प्रयोगशाळेत भरत आणि एक तुकडी तर पाऊस नसेल तेव्हा कडुलिंबाखाली भरे. आठवीतल्या प्रवेशाच्या दिवशी आमचे हेडमास्तर मागच्या दाराने घरी जात. शेवटी गावाला दुसरं हायस्कूल मंजूर झालं, पण जागा गावाने द्यायची होती. महिनाअखेर ग्रामसभेचा ठराव गेला नाही, तर इमारत दुसऱ्या गावाला जाणार होती. ई-क्लासची सरकारी जमीन होती ती चार किलोमीटरवर, टेकडीपलीकडे. तिथे मुलींना कोणी पाठवलं नसतं. नाल्याकाठची जागा दर पावसाळ्यात नाला स्वतःच वापरी. उरलं खरेदी केंद्राचं आवार. ते पंचायतीच्याच मालकीचं होतं. सरपंचबाईंनी फाटकाची किल्ली मागणारं पत्र केंद्राच्या वरच्या कचेरीला लिहिलं, तर उत्तर आलं, की आमच्यातर्फे तेथे कोणतेही कुलूप लावण्यात आलेले नाही. कुलूप आमच्या घरमालकांचं होतं. स्वतः बाजारातून आणलेलं, पितळी.

आणि ते किल्ली द्यायला तयार नव्हते. गावातले निम्मे शेतकरी त्यांच्या बाजूने होते. त्यांचा पुढारी एक रागीट, मिशाळ शेतकरी. तो चहाच्या टपरीवर रोज गरजे, "आवारात शाळा बांधली तं समजा केंद्र कायमचंच गेलं. मंग कापूस काय शाळेच्या व्हरांड्यात मोजाचा?" यात खोटं काही नव्हतं. आवार रिकामं होतं तोवर आशा होती. आमच्या घरमालकांची तर सारी आशा त्या कुलपात होती, आणि हे मला कळत होतं म्हणून मी त्यांच्याशी वाद घालायचा टाळत होतो. तेच मला टाळू देत नव्हते. "शाळेत गर्दी हाय हे तुमी सांगता, हेडमास्तर सांगते, सरपंचबाई सांगते," ते एका सकाळी म्हणाले, "हा सगळा वरचा माल झाला. मी मधातून सँपल घेईन. तुमच्या वर्गात बसतो उद्या, दिवसभर."

दुसऱ्या दिवशी धुतलेलं धोतर आणि टोपी घालून ते माझ्या नववी 'ब'मध्ये आले. आधी त्यांनी दारातून बाकांच्या ओळी मोजल्या, मग आडवे मोजले आणि अगदी मधला बाक शोधून काढला. तो मुलींचा निघाला. तिघींसाठीचा बाक. पटावर त्या बाकाच्या सहा जणी होत्या, पण त्या दिवशी पाचच आल्या होत्या. आमच्या घरमालकांनी रिकाम्या जागेवर बैठक मारली आणि माझ्याकडे असं बघितलं, की बंडीतून ओला कापूस निघाल्यावर ते असेच बघत असणार. "मास्तर," ते साऱ्या वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाले, "जागा तं हाय."

मी ओशाळून हजेरी घेतली. गैरहजर मुलीच्या नावापुढे सवयीने फुली मारली. मधल्या बाकावरची कोणी ना कोणी रोज गैरहजर असायचीच. वेचणीचे दिवस होते, कापूस वेचायला जात असणार असं मी धरून चाललो होतो, आणि दुसऱ्या दिवशी तिला उभं करून रागवतही होतो. मी इतिहास शिकवायला लागलो. आमच्या घरमालकांनी वहीही आणली होती, पण पहिल्याच वाक्याला त्यांचा उजवा हात शेजारणीच्या बरगडीत आणि डावा दुसरीच्या दप्तरात अडकला. बंडीच्या पोटातून सहज बाहेर येणारा तो हात त्या बाकावर काही केल्या मोकळा होईना. पोरी तोंडावर ओढण्या धरून हसत होत्या. मग मी फळ्याकडे वळलो, आणि पाठीमागे कुजबुज सुरू झाली ती संपेचना. दंगा होता, पण आवाज माझ्या घरमालकांचा असल्यामुळे मी रागावू शकलो नाही. मधल्या सुटीत ते बाहेर आले, पण माझा डबा त्यांनी खाल्ला नाही. संध्याकाळपर्यंत बसले, घंटा झाल्यावर उठले, आणि मी ग्रेड विचारली तर म्हणाले, "ग्रेड सगळ्याईसमोर सांगाची असते."

ग्रामसभा मारोतीच्या पारावर भरली. ठराव नोंदवायला तालुक्याहून आलेले साहेब खुर्चीवर बसले होते. मिशाळ शेतकऱ्याने जोरदार भाषण ठोकलं, टाळ्या घेतल्या आणि शेवटी हात केला आमच्या घरमालकांकडे, "बोला ग्रेडरसाहेब." ते उठले. भाषण असं ते करतच नसत. बाही मात्र दुमडली होती.

"मी वर्गात गेलतो. मधातल्या बाकावर बसलो," ते म्हणाले. "मले जागा रिकामी दिसली. मी खुश झालो. मंग बाजूच्या पोरीले पुसलं, काहून वो, हे जागा कोणाची? तं ते म्हणे, आबाजी, आमी सहा जणी हाओत. सहा बसल्या तं कोणालेच लिहिता येत नाही. म्हणून नंबर लावले. रोज एक जण घरी राह्यते. आठवड्याचे सहा दिवस, सहा पोरी."

मी जमिनीकडे बघत होतो. ज्या फुल्या मी मारल्या होत्या त्या सगळ्या एका रांगेत माझ्या डोळ्यांसमोर उभ्या राहिल्या, आणि मला माझी लाज वाटली.

मिशाळ शेतकरी बसल्या जागेवरून हळूच म्हणाला, "माही पोरगी त्याच वर्गात हाय."

"तुही मंगळवारची," आमचे घरमालक म्हणाले.

"मले तं म्हणे मंगळवारी शाळेले सुट्टी असते."

"बापू, नंबरात बंड्या उभ्या केल्या आपण. तीन-तीन दिवस केल्या. माल वाया जाऊन राह्यला, पाहत राह्यलो," आमचे घरमालक म्हणाले. "आता लेकरं नंबरात उभे हायेत. माल एक नंबर हाय, मी हातानं पाह्यला. धागा लांब हाय. पण दाबून ठेवला तं गंजी तापते अन् कापूस पिवळा पडते, हे तुमाले मी कायले सांगू? केंद्र येईन तवा येईन. नाही बी येणार." एवढं बोलून त्यांनी सदऱ्याच्या खिशातून पितळी किल्ली काढली आणि सरपंचबाईंच्या हातावर ठेवली. पहिला हात वर झाला तो मिशाळ शेतकऱ्याचा. पुढचे मोजायची गरज पडली नाही. साहेबांनी मोजायला सुरुवात केली होती, ती त्यांनी मधेच सोडली. त्या संध्याकाळी हलगी वाजली, आणि गुलालात आमचे घरमालक असे माखले की काकूंनी त्यांना अंगणातच आंघोळ घातली.

वर्षभरात आवारात नऊ खोल्या उभ्या राहिल्या. गंजीचा ओटा प्रार्थनेचा मंच झाला. उद्घाटनाला घरमालकांना खुर्ची दिली होती, पण ते तिथे नव्हते. शोधत गेलो तर नववीच्या कोऱ्या वर्गात मधल्या बाकावर एकटे बसले होते. दोन्ही कोपरं पसरून हवेत काहीतरी लिहीत होते. "हात हालते, मास्तर," म्हणाले. मंगळवारवाली पुढे मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या बापाने गावभर पेढे वाटले, आणि आमच्या घरमालकांनी पेढ्याच्या टोपलीतही हात मधोमधच घातला.

सरकारी खरेदी आमच्या गावात परत आली नाही. त्याबद्दल ते पुढे कधी बोलले नाहीत. फाटकाचं कुलूप मात्र तेच राहिलं. सरपंचबाईंनी किल्ली त्यांनाच परत दिली होती, आणि रोज सकाळी सातला तेच फाटक उघडत. माझी बदली झाली त्या दिवशी एसटीला वेळ होता म्हणून मी निरोप घ्यायला तिकडे गेलो. लेकरांचा लोंढा आत शिरत होता आणि ते फाटकाशी हात जरासा पुढे करून उभे होते. दप्तरं, वेण्या, खांदे त्यांच्या तळव्याला घासत जात होते, आणि अंगठा दोन बोटांवर आपोआप फिरत होता, धागा ताणल्यासारखा. मी शेवटचं म्हणून विचारलं, "काका, आता तरी सांगा. माझी ग्रेड?"

त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. हात तसाच ठेवून रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणाले, "जरा बाजूले व्हा, मास्तर. बंड्या येऊन राह्यल्या."