एर्लांगेन: मिटणाऱ्या डोळ्यांसाठी केलेला प्रवास

ऑपरेशनसाठी एर्लांगेनला जायचं हे मी आधी ठरवलं आणि मग पुण्याला आईला फोन केला. माझ्या कवटीचे सांधे जन्माआधीच जुळून गेले, त्यामुळे चेहऱ्याचा मधला भाग मागे राहिला आणि डोळे बाहेर आले. झोपेत श्वास अडकतो, पापण्या मिटत नाहीत. लहानपणापासून आई झोपताना माझ्या डोळ्यांवर ओला रुमाल ठेवत आली. बत्तिसाव्या वर्षी म्हटलं, आता बास.

आई जर्मनीत माझ्या घरी आली आणि आम्ही निघालो. लुडविग्सहाफेनहून एर्लांगेनला जाताना मानहाइम आणि न्युरेंबर्गला गाडी बदलावी लागते. सीट आधीच राखून ठेवा, सोबत मेतकूट-पापडांनी फुगलेली बॅग असेल तर नक्कीच.

तिथल्या इस्पितळातल्या सर्जनबाईंनी माझे जुने फोटो मागितले होते. आईने अभिमानाने एक फोटो पुढे केला. बाईंनी फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"आल्झो... म्हणजे, ही कोण?"

स्थळांना पाठवायचा फोटो होता तो! स्टुडिओवाल्याने डोळे आत घेऊन गाल भरून दिले होते. हौसेला मोल नसतं म्हणतात, त्याने मात्र दणदणीत घेतलं होतं.

"अगं, त्यात छान दिसतेस म्हणून आणला," आई पुटपुटली.

"असा चेहरा हवाय?" बाईंनी मला विचारलं.

रागही आला आणि रडूही. "नाही. श्वास हवाय आणि मिटणारे डोळे. नाक बाबांचं आहे, ते राहू द्या."

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत त्यांनी फोटो आईला परत दिला.

हाडं कापून चेहरा मोकळा केला, मग डोक्याभोवती बसवलेल्या चौकटीचे स्क्रू रोज जरासे फिरवत तो पुढे ओढला. दुखतं का? अहो, दुखतंच, खोटं कशाला सांगू. श्वासाचा प्रश्न असल्याने खर्च विम्याने उचलला, पण लेखी मंजुरी आधी घ्या. चावणं बंद होतं. गेस्ट हाउसमध्ये आई पेज आणि मुगाचं कढण करायची. रोज चौकटीसकट फिरायला जायचो.

"सायकलवाले तुझ्याकडेच बघतात गं."

"आपण त्यांच्या लेनमध्ये उभ्या आहोत, आई."

चौकट निघाल्यावर घरी परतलो. गाल अजून सुजलेले होते, त्या फोटोशी काडीचं साम्य नव्हतं. दुपारी जेवून मी सोफ्यावर आडवी झाले. आई सवयीने रुमाल भिजवायला गेली, तेवढ्यात माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा ती समोर बसली होती. रुमाल हातातच वाळत आला होता.

"ठेवला नाहीस?"

"कशाला ठेवू?" ती म्हणाली. "मिटले होते गं दोन्ही."