उत्तमचं काही आहे का?

दुपारची जेवणं उरकली की डॉ. रघुवीर नाडगौडा अभ्यासिकेतल्या वेताच्या आरामखुर्चीत अंग टाकतात. याला ते झोप म्हणत नाहीत, 'जरा वाचतो' म्हणतात. पुस्तक पोटावर उपडं पडलेलं असतं, चष्मा कपाळावर चढलेला असतो, आणि वाचन तासभर चालतं.

आज पोटावर पुस्तक नाही. आज टेबलाचे सगळे खण जमिनीवर काढून ठेवलेले आहेत. जुनी पेनं, काचपट्ट्यांचे डबे, परिषदांचे बिल्ले, गंजलेल्या टाचण्या यांच्या ढिगात सकाळपासून हात घालून घालून बोटं काळी झाली आहेत. हवं ते काही सापडलेलं नाही. सापडणार नाही हे त्यांना शोधायला लागण्याआधीच ठाऊक होतं. तरी शोधलं.

सकाळी राजश्रीचा फोन आला होता. राजश्री म्हणजे आक्काताई चौगुल्यांची धाकटी लेक. लग्न उशिरा झालं, आता दिवस गेलेत.

"डॉक्टरकाका, उत्तमदादाचं काही आहे का तुमच्याकडे? रक्त, काहीही? पुण्याचे डॉक्टर म्हणतात, त्याच्याशिवाय बाळाचं काही सांगता येणार नाही."

"बघतो," डॉक्टर म्हणाले होते.

"मी येते संध्याकाळी," ती म्हणाली, आणि फोन ठेवण्याआधी घाईघाईनं म्हणाली, "नसलं तर नसलं, काका. पण बघा."

उत्तम तिचा थोरला भाऊ. तिनं त्याला पाहिलेलाही नाही. वर्षाचा झाला तेव्हा चालत होता, पुढं गावभर धावत होता. मग पडायला लागला. मग हातातली वाटी सुटायला लागली, मग एकेक शब्द सुटत गेला, आणि शाळेत घालायच्या वयात पोर गेलं. आक्काताईंचा भाऊही लहानपणी असाच गेलेला. मिरजेच्या इस्पितळात उत्तमला तपासताना तरुण नाडगौडांच्या लक्षात आलं होतं, की हे दुखणं आईकडून मुलाकडे चालत आलंय. बाया ते वाहतात आणि मुलगे त्यानं मरतात. त्या दिवसापासून त्यांनी आयुष्य या एका गोष्टीला जुंपलं. लेकरांच्या दुखण्यांची मुळं त्यांच्या रक्तात शोधायची. दोन दुखण्यांची मुळं सापडली. एक दुसऱ्याच कुणाच्या नावावर गेलं, एक त्यांच्या नावावर राहिलं, तेही जाड ग्रंथाच्या तळटीपेत, बारीक टाइपात. आणि ज्या पोरासाठी हे सगळं सुरू झालं, त्याच्या दुखण्याचं मूळ तेवढं हाती लागलं नाही.

आता लागलं असतं. ज्या कामात डॉक्टरांची उमर गेली ते आता पुण्यातलं यंत्र काही दिवसांत करतं. राजश्रीचं रक्त त्या यंत्रानं वाचलंसुद्धा. पण कुठल्याही माणसाच्या रक्तात लहानमोठे फरक ढिगानं असतात. त्यातल्या नेमक्या कुठल्या फरकानं उत्तमला नेलं, आणि तो हिच्यात आहे का, हे ठरवायला उत्तमचा नमुना शेजारी ठेवावा लागतो. उत्तमचं रक्त, आक्काताईंचं रक्त, सगळं डॉक्टरांच्या संशोधन संस्थेच्या फ्रीजरमध्ये होतं. एका उन्हाळ्यात वीज गेली, जनरेटर रुसला, आणि सुट्टीवरून आलेल्या डॉक्टरांनी दार उघडलं तेव्हा नळ्यांमधून नुसतं तांबडं पाणी हललं. त्या वेळी त्यांनी कुणालाही शब्द ऐकवला नाही. घरी येऊन दोन दिवस ते वाचत बसले.

संध्याकाळी त्या पोरीला काय सांगायचं?

पंखा घरघरतो. डोळ्यांवर झापड येते. घरघर हळूहळू जड होत जाते, खालून यायला लागते, आणि डॉक्टरांच्या ध्यानात येतं की हा पंखा नव्हे, हा फ्रीजर. चालू आहे! त्यांना इतकं हायसं वाटतं की ते अनवाणीच उठतात आणि दार ओढतात.

आत भाकरी आहेत. ज्वारीच्या भाकरींची चवड, फडक्यात गुंडाळलेली, वाफ निघणारी.

"लावा ते दार. वारं लागलं की कडक हुत्यात," पाठीमागून कुणीतरी म्हणतं.

इस्पितळाच्या लांब व्हरांड्यातल्या बाकावर आक्काताई बसल्या आहेत. हिरवं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर पिशवी. त्या गेल्या दिवाळीत वारल्या हे डॉक्टरांना पक्कं माहीत आहे. पण आल्या माणसाला ते तोंडावर कसं सांगायचं?

"आक्काताई, तुम्ही? कधी आलात?"

"झाला की येळ. तुमी वाचत हुता न्हवं, मग बसले गप."

"बरं झालं आलात. उत्तमचं रक्त कुठंय? यात होतं."

आक्काताई उत्तर देत नाहीत. त्या डॉक्टरांच्या हाताकडे बघतात. "हात रिकामाच व्हय? घातला न्हाईसा?"

"काय?"

"ताईत वो. दिल्याला."

डॉक्टरांना आठवतं. उत्तमचं दिवसपाणी झाल्यावर आक्काताई इस्पितळात आल्या होत्या. काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत पुढे केला, भोवती चारपाच विद्यार्थी. डॉक्टरांच्या कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. त्यांनी तो घाईनं खिशात घातला, खिशातून तो खणात गेला, आणि मग मनातूनही गेला.

"त्यात काय हाय, ठावं हाय का तुमास्नी? त्यात—"

"आक्काताई, ताईत राहू द्या. आधी रक्ताचं बघू."

"बघा," आक्काताई म्हणतात आणि पिशवीतून शेंगा काढून सोलायला लागतात.

त्या पहिल्या रांगेत बसून सोलताहेत. डॉक्टर मंचावर आहेत. सभागृह मोठं, परदेशातलं, लाकडी कोरीव छताचं. पण खुर्च्यांवर बसल्यात त्या सगळ्या बाया, मांडीवर पोरं घेतलेल्या, शेवटच्या रांगेपर्यंत. कुणी पाजतेय, कुणी थोपटतेय. पडद्यावर चौगुल्यांचा वंशवृक्ष पडला आहे, नुसते पुरुषांचे चौकोन आणि बायांचे गोल. डॉक्टर बोलायला तोंड उघडतात. नुसती कुजबुज निघते. हातातली काठी पडद्याकडे करावी तर ती उसाच्या शेंड्यावरच्या वाढ्यासारखी खाली लवते.

"ह्यो उत्तम न्हवं?" आक्काताई बसल्या जागेवरून विचारतात.

"हो. तो काळा चौकोन."

"आनि ती तिरकी रेघ?"

ती रेघ गेलेल्या माणसाची खूण.

"माझ्यासमूरच मारलीसा. पेनानं. मला वाटलं, चुकलं असंल कायतरी म्हनून खोडलं." त्या एक दाणा तोंडात टाकतात. "आनि मी कुठं हाय?"

"हा गोल. मधे ठिपका आहे तो."

"ठिपका कसला वो?"

"म्हणजे तुम्हाला स्वतःला काही झालं नाही. पण तुमच्यातून पुढं गेलं."

"आस्सं," आक्काताई म्हणतात. "मला वाटलं, कुकू लावलंसा."

मागच्या बाया हसतात. डॉक्टरांना हसावं की रडावं कळत नाही. आणि मग त्यांना तो खालचा गोल दिसतो, राजश्रीचा. कोरा. त्याच्याखाली बारीक रेघेनं टांगलेलं अजून एक चिन्ह, धड चौकोन नाही, धड गोल नाही, पाण्यातल्या बुडबुड्यासारखं थरथरणारं.

"आमच्या राजीला ठिपका न्हाई घातला?"

"तेच तर कळत नाही मला!" आता आवाज फुटतो, आणि इतका मोठा फुटतो की पोरं दचकतात. "घालायचा की नाही तेच कळत नाही. ती संध्याकाळी येतेय, आक्काताई. तिला काय सांगू?"

"मग या की हिकडं. तिथं वर हुभं ऱ्हाऊन काय हुतंय?"

मंचाच्या पायऱ्या उतरल्या की चौगुल्यांचं परडं लागतं. चुलीवर पाणी तापतंय, दावणीची म्हैस मान वळवून बघते. भिंतीत मात्र दिव्याच्या देवळ्या नाहीत, खण आहेत, डॉक्टरांच्या टेबलाचे, जमिनीपासून कौलांपर्यंत. ते एक खण ओढतात. आत दुसरा खण. तो ओढतात. आत नळ्या, शेकडो, आणि प्रत्येकीवरचं नाव पाण्यानं पुसलेलं. एक उचलतात, उजेडात धरतात. तांबडं पाणी. दुसरी. तांबडं पाणी. ते पुढचा खण उपसतात, त्याच्या पुढचा, नळ्या पायाखाली करकर फुटतात.

"सरका जरा, म्हशीला पानी दावायचंय," आक्काताई बादली घेऊन मधूनच जातात.

"एक थेंब हवाय मला!" डॉक्टर ओरडतात. जन्मात कुणा पेशंटच्या आईवर ते ओरडलेले नाहीत. "एक थेंब! इतकी वर्षं घासली, इतकी पोरं बघितली, पुस्तकं वाचून डोळे गेले, आणि तुमच्या पोराचा एक थेंब मला जपता आला नाही! आणि तुम्ही ताईत ताईत काय लावलंय!"

म्हैस पाणी प्यायची थांबते.

"वरडा," आक्काताई शांतपणे म्हणतात. "तवा वरडला असता तर बरं झालं असतं. त्या फ्रीजवाल्यांनी ऐकून तरी घेतलं असतं. तवा आपलं नुस्तं 'बघतो'. उत्तम पडाय लागला, 'बघतो'. बोलायचा ऱ्हायला, 'बघतो'. आमचं मालक तर घरात तुमास्नी बघतो-डाक्टरच म्हनायचं."

डॉक्टर चुलीपुढच्या पाटावर मटकन बसतात. पाट ओला आहे. त्यांना वाटतं, इथंच बसून राहावं, संध्याकाळ होऊच नये.

"हात करा हिकडं," आक्काताई समोर उकिडव्या बसतात. त्यांच्या मुठीत काळा दोरा आहे. "उजवा. गड्याचा उजवाच असतो."

"आक्काताई, खरंच, मी यातलं काही मानत नाही, तुम्हाला माहीत—"

"एकदा तरी बोलू देशीला का मला?" आता त्या चिडल्या आहेत. चिडल्या की त्यांच्या नाकाचा शेंडा लाल होतो, हे डॉक्टरांना आजच आठवतं. "त्या दिशीबी असंच. मी आपली सांगतीया, आनि तुमी त्या पोरास्नी इंग्रजीतनं कायबाय सांगतायसा. ऐकलंसा का काय दिलं ते?"

"नाही," डॉक्टर म्हणतात. "बोला."

"ह्यात उत्तमची नाळ हाय."

चुलीतलं लाकूड फुटतं.

"काय?"

"नाळ वो, नाळ. पडली तवा सुईनीनं वाळवून दिल्याली. त्याच्या गळ्यात बांधायची हुती. पन त्यो कुठला बांधून घेतोय? दोराच तोडायचा. मग ऱ्हायली तशीच. त्यो गेल्यावर म्हनलं, घरात ठिवून तरी काय करायची? डाक्टरच्या हाताला असू दे. त्यांच्या हातनं दुसऱ्या कुनाचं तरी जगंल."

"उत्तमची?"

"मग काय म्हशीची?"

वाळलेली नाळ. वर्गात फळ्यासमोर उभं राहून त्यांनी स्वतःच कितीदा सांगितलं आहे, की रक्त नसलं म्हणून हातपाय गाळू नका. वाळलेल्या नाळेतसुद्धा बाळाचं सगळं शिल्लक असतं, वर्षानुवर्षं. पोरं ते उतरून घ्यायची. आणि उत्तमची नाळ त्यांच्या स्वतःच्या खणात पडून होती. टाचण्यांच्या शेजारी.

"तुम्ही... तुम्ही मला परत का नाही सांगितलंत?" ते विचारतात. राग कुणावर करायचा तेच त्यांना समजत नाही. "एकदा तरी! रोज तो खण उघडत होतो मी!"

"मला काय ठावं त्याचं तुमास्नी काय काम हाय ते? तुमी कधी म्हनलासा?" आक्काताई दोऱ्याला दुहेरी गाठ मारतात. इतकी घट्ट की मनगट दुखतं. "हालू नगा. सुटती मग."

त्या खाली वाकतात. त्यांच्या केसांना धुराचा आणि खोबरेलाचा वास आहे. दोऱ्याचं उरलेलं टोक त्या दातात धरतात आणि कचकन तोडतात.

पंखा थांबलेला आहे. वीज गेलीय, खिडकीतलं ऊन कललंय. गळ्याशी घाम आलाय, आणि जमिनीवर उपसलेले खण तसेच तोंड उघडून पडले आहेत. डॉक्टर कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढतात. स्वप्न, ते स्वतःला सांगतात. जेवण जड झालं, आणि सकाळपासून तेच डोक्यात.

मग मनगट दुखतं.

उजव्या मनगटावर ताईत आहे. हिरवट गंज चढलेलं तांबं, मेणानं बंद केलेली तोंडं, काळा दोरा. डॉक्टर त्याच्याकडे शास्त्रज्ञाच्या डोळ्यांनी बघतात. सकाळी खण उपसताना तो हाताला लागला असणार. विचाराच्या तंद्रीत आपणच मनगटाला गुंडाळला असणार. दुसरं काय? घरात दुसरं कुणी नाही, सून संध्याकाळशिवाय येत नाही, दाराला आतून कडी आहे.

पण गाठ दुहेरी आहे आणि पक्की आहे. उजव्या हातावरची गाठ डाव्या हातानं मारायची, तर डॉक्टरांना डाव्या हातानं सदऱ्याचं बटणसुद्धा लागत नाही. ते टोक चिमटीत धरून पाहतात. कात्रीनं कापलेलं नाही, तुटलेलं आहे, आणि तुटल्या जागी दोरा ओला आहे.

गाठ सोडवायला ते नखं लावतात. सुटत नाही. दात लावायला जातात आणि मधेच थबकतात. इतकी वर्षं! हाताच्या अंतरावर, इतकी वर्षं! त्यांना खुर्चीचा हात ठोसा मारून फोडावासा वाटतो.

खाली फाटक वाजतं. जिन्यावर सावकाश, जपून टाकलेली पावलं. दारावर टकटक.

"डॉक्टरकाका? मी राजश्री. काही मिळालं का हो?"

'बघतो' सवयीनं ओठांशी येतं. डॉक्टर ते गिळतात, मनगट कानाशी नेतात आणि हलकेच हलवतात.

आत काहीतरी वाजतं. हलकं, सुकं, चिंचोक्याएवढं.