जाळीवरची पाटी

चाकणच्या या मेकॅनिकशी घासाघीस करता येत नाही, कारण तो भांडतच नाही. मी आवाज चढवला की तो बोटांवरचं ऑइल चोळत नुसता उभा राहतो. शेवटी मीच दमतो.

माझ्या दोन ट्रेलरपैकी एकाचं इंजिन घाटात तापून जाम झालं, तेव्हापासून मला धड झोप नाही. म्हणून उरलेल्या ट्रेलरला त्याच्याकडून मोठा ऑइल कूलर बसवून घेतला. गाडी न्यायला गेलो, तर पुढच्या जाळीवरची माझ्या आईच्या नावाची रुंद पितळी पाटी काढलेली.

“कोणाला विचारून काढली?”

“न्हाई विचारलं. कूलर तिच्याच मागं हाय, शेठ. हवा लागंल कशी?”

“आई आहे ती माझी!”

“व्हय. मग वर टपावर बसवा की.”

पाटी त्याने घासूनपुसून स्वच्छ फडक्यात बांधून ठेवली होती. मी ती हिसकावून घेतली.

ट्रेलर भरल्या मालानिशी घाट चढला. तापमानाचा काटा जागचा हलला नाही, असं ड्रायव्हर म्हणाला.

पुढे मेकॅनिक भेटला तेव्हा त्याने इंजिनाचं नावही काढलं नाही.

“आईला कुठं बसवलं?” एवढंच विचारलं.

पाटी अजून माझ्या कारच्या डिकीतच होती.