दोनशे बाराव्या ओळीतलं उत्तर

"मला ईमेल पाठवणाऱ्या तुम्हीच का?" बाईंनी विचारलं.

अमेरिकेतल्या हर्नडन गावातल्या आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवर त्या बसल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढचं, अंगात नीट इस्त्री केलेला कोट, मांडीवर पर्स. मुलगा खाली पार्किंगमध्ये गाडीत थांबला होता, पण त्यांना वर एकटीनंच यायचं होतं. मी हो म्हटलं. खरं तर त्यांची तक्रार मी धड वाचलीही नव्हती. तक्रार आली की पाठवायचा एक तयार मजकूर आमच्याकडे असतो: आमची माहिती मूळ कागदपत्रांवरून घेतलेली आहे, संपर्क साधल्याबद्दल आभार. एक क्लिक केलं की काम झालं.

आमची कंपनी विमान अपघातांचा डेटाबेस चालवते. एअरलाइन्स, विमा कंपन्या, अभ्यासक तो वापरतात. जुन्या अपघातांची थोडक्यात माहिती वेबसाइटवर कुणालाही बघता येते. मी तिथे डेटा लीड आहे. म्हणजे काय, असं नागपूरची माझी मावशी दर वेळी विचारते. लोकांनी लिहून ठेवलेलं कॉम्प्युटरला कळेल अशा रकान्यांत भरून घेणं, हे माझं काम. विमान मला चालवता येत नाही आणि खिडकीची सीट मी घेत नाही.

बाईंचं नाव एल्व्हिरा. मूळच्या बोलिव्हियाच्या. आमच्या या भागात बोलिव्हियाची माणसं पुष्कळ आहेत. एल्व्हिरांनी इथल्याच एका शाळेच्या स्वयंपाकघरात तीस वर्षं नोकरी केली होती. त्यांचे वडील पायलट होते. पन्नाशीच्या दशकात, युद्धानंतर उरलेली दोन पंख्यांची विमानं तिथे मालवाहतुकीला वापरायचे. सखल प्रदेशातून वर ला पाझला मांस न्यायचं आणि परतताना माणसं बसवून आणायची. अशाच एका परतीच्या फेरीत विमान डोंगराला धडकलं. वाचलं कुणीच नाही. एल्व्हिरा तेव्हा सहा वर्षांच्या होत्या.

त्या अपघाताच्या आमच्या पानावर एक ओळ होती: कारण, वैमानिकाची चूक.

त्यांच्या गावची इथे स्थायिक झालेली मंडळी तिकडे गावातल्या चर्चच्या आवारात त्या अपघातातल्या माणसांच्या नावांचा दगड बसवत होती. एका प्रवाशाच्या कुटुंबानं आमचं पान छापून मीटिंगला आणलं आणि सांगितलं, ज्यानं आमची माणसं मारली त्याचं नाव आमच्या माणसांशेजारी नको. मजकूर शुक्रवारी कोरायला जाणार होता. सोमवार उजाडलेला होता.

"आईनं आम्हाला सांगितलं होतं, कारण कधी कळलंच नाही," त्या म्हणाल्या. "आई खोटं बोलत होती का, एवढंच मला विचारायचंय."

मी म्हटलं, बघते, गुरुवारी या. मनात मात्र म्हटलं, लेकीला बाप निर्दोषच वाटणार. हे लिहायला लाज वाटते, पण तसंच म्हटलं होतं.

जागेवर येऊन मी मूळ कार्डाचा स्कॅन उघडला. त्या काळी प्रत्येक अपघाताचं एक कार्ड टाइप करून ठेवत. यावर सहा-सात ओळी होत्या. विमान कधी निघालं, किती माणसं, पायलटनं रेडिओवर शेवटचं काय सांगितलं, अवशेष मेंढपाळांना कधी आणि कुठे सापडले. शेवटची ओळ होती: कारण ठरवता आलेलं नाही.

मी ती दोनदा वाचली. मग आमचा रकाना बघितला. वैमानिकाची चूक.

पहिला राग अर्थातच पुण्यावर. ही हजारो कार्डं वाचून रकाने भरायचं काम काही वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या टीमनं केलं होतं. इथली सकाळ म्हणजे तिथली संध्याकाळ. टीम लीड केतकी अजून ऑनलाइन होती. मी फोन लावला आणि जरा चढ्या आवाजात विचारलं, हे भरलं कुणी? ती म्हणाली, "एक मिनिट मॅडम, चेक करते." ते एक मिनिट बरंच लांबलं. मग तिनं चॅटमध्ये एक लिंक टाकली.

ती क्वेरी शीटची लिंक होती. पुणे आणि अमेरिका असं काम करणाऱ्या प्रत्येक प्रोजेक्टमध्ये ही शीट असते. तिकडच्यांना शंका आली की ते एका ओळीत लिहितात, आपण शेजारच्या रकान्यात उत्तर देतो, पुढे अख्खी टीम त्या उत्तरानं चालते. लेखी उत्तर म्हणजे ब्रह्मवाक्य.

ओळ दोनशे बारा. केतकीचा प्रश्न: बऱ्याच कार्डांवर कारण ठरवता आलं नाही असं आहे, बहुतेक विमानं डोंगराला धडकलेली आहेत, आपल्याकडे कारणांचे सहाच कोड आहेत, 'अनिर्णीत' असा सातवा ॲड करू का? शेजारी उत्तर: नवा कोड नको, डोंगराला धडकलं असेल तर क्रू, गो अहेड. क्रू म्हणजे वैमानिकाची चूक. खाली माझी आद्याक्षरं.

मला ती सकाळ आठवली नाही. अशा सकाळी आठवत नाहीत. महिनाअखेरची डिलिव्हरी असणार, मी मीटिंगला निघालेली असणार आणि फोनवरूनच अंगठ्यानं उत्तर दिलं असणार. उचलली जीभ, लावली टाळ्याला. सहा कोडांची यादी क्लायंटनं दिलेली होती, सातवा मागायचा तर चार मीटिंगा झाल्या असत्या. पण मी मागितलाच नाही, हे खरं.

"मॅडम, मला तेव्हा जरा ऑड वाटलं होतं," केतकी हळूच म्हणाली. "पण रिटन होतं ना, मग आम्ही तसंच केलं."

"तुझं काहीच चुकलं नाही. तू विचारलं होतंस," मी म्हटलं. माझा चढलेला आवाज कुठल्या कुठे गेला होता.

ग्रेग माझा बॉस. माणूस वाईट नाही, फक्त त्याला कटकटी आवडत नाहीत. त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, हे एक रेकॉर्ड फिक्स कर, बाईंना लेटर दे, विषय संपव. मी विचारलं, आणि बाकीची? त्याच उत्तरावर शेकडो रेकॉर्ड्स भरलीत. त्यानं विचारलं, बाकीच्यांची कंप्लेंट आलीय का? क्लायंट्सनी या डेटावर रिपोर्ट काढलेत, आता सगळं चुकलं म्हणून सांगायचं? मला मोह झाला. माझ्या रिटायरमेंटला दोनच वर्षं राहिली आहेत, आणि चूक माझी आहे हे केतकी आणि ग्रेग सोडून कुणाला माहीत नव्हतं. मी बरं म्हटलं आणि पत्र टाइप केलं.

गुरुवारी एल्व्हिरा आल्या. कोट तोच. मी त्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बसवलं, कार्डाची प्रिंट समोर ठेवली आणि सांगून टाकलं की आमची नोंद चुकीची होती आणि ती चूक माझी होती. तुमच्या आई खोटं बोलत नव्हत्या. त्यांनी मान हलवली. मग कार्डाच्या मधल्या ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे?

तो पायलटचा शेवटचा निरोप होता. ढगांच्या वर आहे, खिंड ओलांडली, खाली उतरायला सुरुवात करतो. त्यांनी तो कधी ऐकला नव्हता. मी वाचून दाखवला. त्यांनी परत वाचायला सांगितला. मी परत वाचला.

"म्हणजे खिंड ओलांडलेली होती?" त्यांनी विचारलं.

आता खरं सांगणं भाग होतं. अवशेष खिंडीच्या अलीकडे सापडले होते. मी त्यांना समजावलं. त्या काळी पायलटला खालचं दिसत नसेल तर तो घड्याळ आणि विमानाचा वेग यांवरून हिशोब करायचा, आता एवढी मिनिटं झाली म्हणजे आपण अमुक ठिकाणी असणार. समोरून जोराचा वारा असेल तर विमान मागे राहतं आणि घड्याळ पुढे जातं. मग डोंगर संपला असं वाटून माणूस खाली उतरायला लागतो. त्या दिवशी वर वारा किती होता, हे मोजायची सोय तिथे नव्हती. त्याला वाऱ्याचा अंदाज कुणी दिला नसेल. किंवा दिलाही असेल आणि त्यानं तो हिशोबात धरला नसेल.

"म्हणजे त्यांची चूक असू शकते."

"असू शकते," मी म्हटलं. "नसूही शकते. यापुढे कुणाला कळणार नाही."

मला वाटलं, आता या रडतील, नाहीतर चिडतील. बाप निर्दोष होता, असं पत्र त्यांना हवं असणार आणि माझ्या हातात होतं हे असलं अर्धंमुर्धं. त्यांनी प्रिंटची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"माहीत नाही, हे मला चालतं," त्या म्हणाल्या. "मी सहा वर्षांची असल्यापासून त्याच्याबरोबर राहतेय. तुम्ही जे लिहिलं होतंत, त्याच्याबरोबर मला तीन आठवडे झोप आली नाही."

पत्र घेऊन त्या उठल्या. लिफ्टपाशी थांबून त्यांनी विचारलं, हे फक्त माझ्या वडिलांच्या बाबतीत झालं होतं का? मी नाही म्हटलं. लिफ्ट खाली गेल्यावर मी तशीच ग्रेगच्या केबिनमध्ये गेले. म्हटलं, क्लायंट्सना नोटीस मी लिहिते, खाली नाव माझं घाल, पण सगळी रेकॉर्ड्स उघडायची. तो म्हणाला, किती आठवडे लागतील? मेलेल्या पायलटची बाजू घ्यायला कुणी येत नसतं, हे त्यालाही कळत होतं.

महिना लागला. केतकीच्या टीमनं एकेक कार्ड पुन्हा वाचलं. काहींवर वैमानिकाची चूक स्पष्ट लिहिलेली होती, ती तशीच ठेवली. एका क्लायंटनं खरमरीत ईमेल पाठवला. त्याला तयार मजकूर न पाठवता मी फोन केला, अर्धा तास ऐकून घेतलं. क्वेरी शीटमधल्या शंकांना आता मी त्याच दिवशी उत्तर देत नाही, आणि पुण्याची मुलं मॅडम स्लो झाल्या म्हणतात.

दगड बसला. एल्व्हिरांनी फोटो पाठवला. त्यांच्या वडिलांचं नाव सगळ्यात शेवटी आहे, कारण बाकीची आधीच ठरली होती. विरोध करणारं कुटुंब कार्यक्रमाला आलं नाही. फोटोखाली एल्व्हिरांनी लिहिलं होतं, त्या कुटुंबाचा राग मला समजतो.

यादीत आता सातवा कोड आहे, अनिर्णीत. डोंगराला धडकलेल्या जुन्या विमानांमध्ये सर्वांत जास्त नोंदी त्याच कोडखाली आहेत. एवढी वर्षं त्या जागी आमच्याकडे जी पक्की माहिती होती, ती एका सकाळी मीटिंगला जाता जाता मी ठरवलेली होती.