वासराला चीक, नातवाला गूळपाणी

धुळ्याला तीन वर्षं राबून मी नर्स झाले आणि नोकरीसाठी जळगावातले दवाखाने पालथे घालू लागले. सगळीकडे एकच प्रश्न: अनुभव आहे का? जणू मी तो आईच्या पोटातूनच घेऊन यायला हवा होता. तिकडे भडगावजवळच्या आमच्या गावात आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सांगूनच टाकलं होतं. अक्षय्य तृतीयेच्या, आमच्या आखाजीच्या, आत नोकरी लागली तर ठीक, नाहीतर येतील त्या पाहुण्यांसमोर निमूट पाटावर बसायचं. आबा दुष्ट नव्हते, पण शब्दाचे पक्के होते.

आखाजी आठवड्यावर आली तेव्हा एका बाळंतपणाच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, "चार दिवस येऊन काम दाखव. मग बघू."

तीन दिवस मी चादरी बदलल्या, सिरिंजा उकळल्या, बाळांचे लंगोट मोजले. बाईंनी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चौथ्या दिवशी सकाळी वॉर्डात शिरले तर एक सासूबाई सुनेच्या खाटेवर ठाण मांडून बसलेल्या. सुनेचं पहिलं पिवळसर दूध वाटीत पिळून घेत होत्या, फेकून द्यायला. बाळाला कापसाच्या बोळ्याने गूळपाणी चाललं होतं. आमच्याकडे तेव्हा घरोघरी हेच व्हायचं. मीही त्याच बोळ्यावर तगले असणार.

मी पुस्तकातलं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, रोगप्रतिकारशक्तीसकट. सासूबाईंनी मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"तुनं लगीन तरी व्हयनं का, बाई?"

अख्खा वॉर्ड हसला. बाळंतीणसुद्धा. माझं डोकं असं तापलं की पुस्तकी मराठी कुठल्या कुठे पळाली आणि घरची अहिराणी तोंडात आली.

"अक्का, गाय व्यायनी की वासरूले पैले काय पाजतस?"

"चीक. दुसरं काय?"

"नही पाजा ते?"

"वासरू उभंच नही ऱ्हास."

"मंग तुमना नातूले काबरं नही? तो वासरूपेक्षा हलका शे का?"

कुणी हसलं नाही. "बठ्ठा गाव असंच करस," एवढं अक्का पुटपुटल्या, वाटी खाली ठेवली आणि बाळ उचलून सुनेच्या कुशीत दिलं. ते लुचायला लागलं.

वळून पाहिलं तर दारात डॉक्टरबाई. "इतकी वर्षं मी हेच सांगून थकले," त्या म्हणाल्या. "उद्यापासून तू पक्की." त्या दिवशी मी स्टँडपर्यंत चालत गेले ती छाती फुगवून. खोटं कशाला सांगू?

मी जळगावातच राहिले आणि स्टँडवर भेटलेल्या गावच्या एका माणसाबरोबर आबांना चिठ्ठी धाडली. पण पाहुण्यांना तारीख देऊन झाली होती, ते ठरल्या दिवशी आलेच. पुढचं मला आईने सांगितलं. पोहे झाले, पीकपाण्याच्या गप्पा झाल्या आणि त्यांच्यातले वडीलधारे म्हणाले, मुलीला बोलवा आता.

आबांनी डोक्यावरची टोपी सारखी केली.

"पोर डूटीवर शे," ते म्हणाले. "तुम्ही च्या ल्या."