रिकाम्या हातानं

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही, तेव्हा वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. वाचणारं कोण आहे म्हणा. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यानंतर किराण्याच्या यादीपलीकडे मी काही लिहिलेलं नाही. वर्षा, माझी मुलगी, म्हणते, तू लिही, मी टाईप करून पेपरच्या पुरवणीला पाठवते. पाठवू नकोस असं मी तिला सांगितलंय. पण बसवत नाही. वन्सं गेल्यापासून दुपारी जरा अंग टेकलं की उठावंसं वाटतं, आणि उठले की कशाला उठले ते आठवत नाही. म्हणून हे लिहिणं.

वन्सं म्हणजे आमच्या ह्यांची थोरली बहीण. माझगावात एका खोलीत एकट्या राहायच्या. त्या गुरुवारी सकाळी मी चपात्या लाटत होते, तेव्हा त्यांच्या शेजारच्या रोझीबाईंचा फोन आला. "शालन, तू अब्बी ये. तुझी नणंद दरवाजा खोलत नाय." मी गॅस बंद केला आणि निघाले. पोचले तोवर लोकांनी कडी तोडली होती. झोपेतच गेल्या होत्या... त्या सकाळचं मी शेवटी लिहीन. आत्ता नको.

वन्संना स्वस्थ बसलेलं मी कधी पाहिलं नाही. नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूलबाळ नाही. जन्मभर एका सूतिकागृहात आयाचं काम केलं. पायाला भिंगरी तिथेच लागली असावी. आमच्याकडे आल्या तरी पदर खोचलेलाच. समोरच्याचा चहा संपायच्या आधीच कप विसळायला हात पुढे. हे म्हणायचे, "अक्का, कप घे, पण आधी चहा तरी पिऊ दे." लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांना भ्यायचे. मी मुळात कमी बोलणारी. त्या आल्या की मी ओट्याकडे तोंड करून उभी राहायची, म्हणजे बोलावं लागायचं नाही.

वर्षा सातवीत होती तेव्हाची गोष्ट. हे एका कागदवाल्याकडे टेम्पो चालवायचे. होळीनंतर शेठने धंदा गुंडाळला आणि हे घरी बसले. घरी बसणं म्हणजे खरंच बसणं. कॉटवर भिंतीकडे बघत, दाढी वाढवून. घोडपदेवची आमची खोली केवढीशी, त्यात एक माणूस दिवसभर गप्प बसला की भिंती जवळ आल्यासारख्या वाटतात. फी भरायची होती, वाण्याची उधारी होती. मी कुणाला काही बोलले नव्हते, पण वन्संना कळलं. त्या आल्या आणि रुमालात बांधलेलं पुडकं त्यांनी ह्यांच्यापुढे नाही, माझ्यापुढे ठेवलं. त्यांच्या फंडाचे पैसे होते.

"याच्याकडे देऊ नकोस. हा नाक्यावर सगळ्यांना चहा पाजत बसेल. तू ठेव. आणि हे उसने आहेत हां शालन, दान नव्हे. फेडायचे."

"हो," मी म्हटलं. एवढंच. किती होते ते इथे लिहीत नाही. तुम्हाला थोडे वाटतील. पण माझ्या हातात कुणी जबाबदारीने पैसे ठेवायची ती पहिलीच वेळ होती. फेडायचे... पण कशातून?

ते वन्संनी ठरवून टाकलं होतं. फी भरून, उधारी चुकवून जे उरले ते बसून खायचे नाहीत. आमची खोली वरच्या मजल्यावर, गच्चीचा जिना दारातूनच. गच्चीवर मोडक्या कॉटी आणि पाण्याची टाकी. वन्संनी ह्यांना भाऊच्या धक्क्यावर पिटाळलं आणि मासळीचे थर्माकोलचे खोके आणवले. माती भरली, मिरची, भेंडी, माठ, अळू लावलं. खोके आम्ही धुतले होते, पण घाईत. मासळीचा वास तो, तसा जातो थोडाच. दुसऱ्या दिवशी घोडपदेवातली झाडून सगळी मांजरं गच्चीवर. बांगडा पुरलाय असं समजून रोपं उकरून टाकलेली. वन्सं कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बघा, आपल्या बागेला पहिलं गिऱ्हाईक आलं." हे हसले. कितीतरी दिवसांनी हसले.

मग कोंबड्या आल्या. ह्यांचा चुलतभाऊ गावाहून येताना घेऊन आला, गावठी, एक कोंबडा धरून. आंब्याच्या रिकाम्या पेट्यांचं खुराडं ह्यांनी ठोकलं. कोंबडा पहाटे अंधारातच बांग द्यायचा. खालच्या मजल्यावरचे सावंतमामा रात्रपाळीचे वॉचमन, ते त्याच वेळी येऊन अंथरुणाला पाठ टेकायचे. एका सकाळी ते बनियनवरच गच्चीवर आले. मी टाकीच्या मागे सरकले. वन्सं पुढे झाल्या.

"मामा, रागावू नका. गरिबाचं पाखरू आहे."

"अहो बाई, हप्त्याला चार अंडी देणार असाल तर तो माझा भाचा. नायतर त्याचा रस्सा."

"दोन," वन्सं म्हणाल्या.

"तीन. आणि त्याला समजवा जरा."

तीनवर भाचा वाचला.

वैशाखात वन्संनी आंब्याचा बेत काढला. संध्याकाळी भायखळ्याच्या बाजारात उतरलेला, डागी रायवळ स्वस्तात मिळायचा. आम्ही दोघी पिशव्या भरभरून आणायचो. कैरीचा मोरांबा झाला, आंबोशी झाली. पण वन्संचा सगळा भरवसा साठांवर, आंबापोळीवर. ताटांना तूप लावायचं, रस पातळ पसरायचा, कडक उन्हात वाळला की वर दुसरा थर, मग तिसरा. सूतिकागृहातल्या नर्सेसनी, त्यांच्या ओळखीच्या बायांनी आगाऊ सांगून ठेवलं होतं. उरलेले सगळे पैसे त्या रसात गेले होते. मी मनातल्या मनात हिशेब करायची, एवढी साठं विकली गेली की निम्मं तरी फिटेल. रात्री झोप लागायची त्या हिशेबावर.

आणि आम्ही काय केलं... भाजीवर कीड पडली होती, म्हणून दुपारी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या असं ठरलं, म्हणजे त्या कीड वेचून खातील. आणि साठं वाळत घालायची तीही दुपारीच, तेव्हाच ऊन कडक. दोन्ही गोष्टी वन्संनीच ठरवल्या आणि दोन्ही बरोबर होत्या. फक्त दोन्ही एका गच्चीवर होत्या, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. राखणीला हे होते. टाकीच्या सावलीत त्यांचा डोळा लागला. आम्ही वर गेलो तेव्हा वर टाकलेलं जुन्या साडीचं झाकण वाऱ्याने उडालेलं, ताटांत या टोकापासून त्या टोकापर्यंत कोंबड्यांचे पाय उमटलेले. ओल्या रसात तीन तीन बोटं, रांगोळीच्या ठशासारखी. भाचा मधोमध उभा, चोच पिवळी.

पहिल्यांदाच मी आपणहून बोलले. म्हटलं, "वन्सं, वरून अजून एक थर दिला तर झाकून जाईल."

वन्संनी माझ्याकडे पाहिलं. ओरडतील असं वाटलं. त्या म्हणाल्या, "बाळंतिणींना देणार आहेत गो त्या नर्सेस." मग त्यांनी एक ताट उचललं आणि रस खरवडून कोंबड्यांपुढे टाकला. मग दुसरं. सगळी ताटं. हे मान खाली घालून उभे होते. वन्सं त्यांना म्हणाल्या, "तू काय बघतोस? पाणी ठेव त्यांना. गोड खाल्ल्यावर तहान लागते."

त्या रात्री आमच्याकडे कुणी जेवलं नाही. वन्सं माझगावला गेल्याच नाहीत, रात्रभर उठून पाणी पीत होत्या. मला वाटलं, वन्संचे म्हातारपणाचे पैसे मी कोंबड्यांना चारले.

पुढे काही दिवसांनी मी अंडं फोडलं तर आतलं पिवळं चांगलं केशरी. आंब्याने झालं की भाजीच्या पाल्याने, देव जाणे. ह्यांना तेवढं पुरलं. चाळभर सांगत सुटले, "हापूसची अंडी आहेत, हापूसची! आंबा खाल्लेल्या कोंबडीची!" सावंतमामा म्हणाले, "मग भाच्याच्या अंगाला केशर लावा." पण लोक बघायला आले, आणि बघायला आलेले विकत घेऊन गेले. मोरांबाही त्याच नादात खपला. गणपतीनंतर ह्यांना शाळेच्या बसवर काम लागलं. पण त्या उन्हाळ्याने माणूस कॉटवरून उठला होता, ते काम लागायच्या आधीच.

पहिल्या पगारातले पैसे घेऊन मी एका रविवारी माझगावला गेले. वन्संनी नोटा घेतल्या नाहीत. "बँकेत रांग कोण लावणार? तुझी अंडी आण, मोरांबा आण. मी बाजारभावाने वळते करीन." तेव्हापासून दर रविवारी मी ह्यांच्या जुन्या अॅल्युमिनियमच्या डब्यात तांदळावर अंडी ठेवून न्यायची. घोडपदेवहून माझगाव चालतच, धक्का लागू नये म्हणून डबा पोटाशी धरून. त्या अंडी बाजूला काढायच्या, बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायच्या. मी विचारायची, "किती राहिले?"

"राहिलेत."

मग चहा. मग त्या कुठली बाळंतीण कशी अडली होती ते सांगायच्या, मी ऐकायची. हळूहळू मीही सांगायला लागले. वर्षाचं कॉलेज, ह्यांचा गुडघा. आईलाही जे बोलले नव्हते ते मी त्या खोलीत बोलले. कप मात्र हातातून तसाच ओढला जायचा. निघताना पुन्हा तेच. "राहिलेत अजून. ये रविवारी."

अशी वर्षं गेली. चौथीपर्यंतच शिकले तरी बेरीज मला येते. पैसे केव्हाच फिटले होते. एकदा तर वाटलं, या व्याज लावतात की काय. ह्यांना म्हटलं तर म्हणाले, "अक्काचा हिशेब चुकत नाही. राहिलेत म्हणते ना, मग राहिलेत." कधी पाऊस असायचा, कधी कंबर दुखायची, मी चिडायची, पण जायची. आता विचार करते की मी कशासाठी जात होते. सुरुवातीला भीतीनेच. मग कधीतरी ते बदललं. केव्हा बदललं ते मला सांगता येत नाही, आणि हेच मला बसू देत नाही.

यंदा चाळ पाडायचं नक्की झालं. आम्हाला दुसरीकडे भाड्याची खोली बघावी लागली, तिथे गच्ची नाही. गेल्या महिन्यातल्या एका रविवारी मी वन्संना सांगितलं की कोंबड्या गावाला पाठवतोय, ही शेवटची अंडी. त्यांनी डबा उघडला. अंडी काढली नाहीत, नुसती बघत राहिल्या. पेरांवर मोजलंही नाही.

"मग फिटले गो," त्या म्हणाल्या. "सगळे फिटले. आता काही राहिलं नाही."

त्यांनी माझा कप घेतला. तो रिकामा होता. पहिल्यांदाच त्यांनी तो रिकामा होऊ दिला होता. मोरीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून त्या म्हणाल्या, "आता रविवारी रिकाम्या हातानं ये. आलीस तर मला कळेल."

काय कळेल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मला समजलं होतं. तोंडापर्यंत आलं होतं, येईन वन्सं, नक्की येईन, मी केव्हाची तशीच येतेय... पण मी नुसतं हसून, डबा तिथेच ठेवून चपला घातल्या. जिन्यात थांबले होते. परत वर जाऊन सांगावं असं वाटलं. मग म्हटलं, रविवारी जाऊनच दाखवू. त्यात सांगायचं काय.

रविवार आलाच नाही. गुरुवारी फोन आला आणि मी पीठ लागलेल्या हातांनी तशीच चालत सुटले. हात पोटाशी धरलेले होते, डबा असतो तसे. अर्ध्या वाटेवर माझं लक्ष गेलं, की डबा नाही. मग मी हात खाली सोडले.

खोलीत बायका जमल्या होत्या. वन्सं झोपल्यासारख्या, पण हात स्वस्थ ठेवलेले, तेवढंच ओळखीचं वाटेना. मी त्यांच्यापाशी बसले. "आले वन्सं," असं म्हटलं. मोठ्याने म्हटलं असावं, कारण बायका वळून बघायला लागल्या. एवढ्या लोकांत मी कधी बोललेली नाही.

सगळं आटोपल्यावर रोझीबाईंनी ओट्यावरचा डबा उचलून माझ्याकडे आणला. अंडी तशीच होती, तांदळात. त्यांनी एकही खाल्लं नव्हतं. "ये तुझं हाय ना? ले जा. इधर खराब होएगा."

मी म्हटलं, "नाही. त्यांचं आहे."

"पर वो तो गेली ना, शालन."

"तुम्ही खा रोझीबाई. ते त्यांच्या पैशांत वळतं झालंय."

डबाही मी आणला नाही. रोझीबाई दारात तो घेऊन उभ्या राहिल्या, आणि मी जिना उतरले. पैसे पूर्ण फिटले होते.