हेल्मेटवरचा कॅमेरा आणि न दिसलेला वाघ

तमाम वाचकांस कळवण्यात येते की, पोट सुटलेल्या व गुडघे कुरकुरणाऱ्या एका गृहस्थाने नागपूर मुक्कामी सायकलचे एक हेल्मेट आणि त्यावर बसवायचा एक कॅमेरा खरेदी केला असून, सदर गृहस्थ दोन्ही वस्तू डोक्यावर चढवून चंद्रपूर जिल्ह्याकडे रवाना झाले आहेत. जंगलाने घाबरून जाऊ नये.

ते गृहस्थ म्हणजे मी. आणि गंमत बाजूला ठेवली, तर मी भयंकर चिडून निघालो होतो.

माझी मावसबहीण वनिता मूलजवळच्या एका गावात दिलेली आहे. मूलच्या बाजारातल्या औषधाच्या दुकानात ती काम करते आणि रोज जंगलातल्या रस्त्याने सायकलवर जाते-येते. या हंगामात ती दोनदा रस्त्याकडेच्या नाल्यात पडली. घरात निकाल लागला: वाघाला भ्याली, म्हणून पडली, नोकरी बंद. तिने मला नाशिकला फोन केला. "भाऊ, वाघ नाई, गाडी हाय. मागून येते, घासून जाते. पन माह्यं कोन आयकते? या महिन्यानंतर घरीच बस म्हून राह्यले."

तेव्हा मी ठरवलं की हिचं कुणी ऐकत नसेल, तर निदान पाहू देत.

नागपूरच्या दुकानात इकबालभाईंनी मला मोठ्या प्रेमाने आधी एक भारीतला कॅमेरा दाखवला. चित्र असं की झाडावरची मुंगी मोजावी. पण तो हेल्मेटवर लावला आणि माझी मान नंदीबैलासारखी डोलायला लागली. इकबालभाईंनी विचारलं, "सिनेमा काढाचा हाय का पुरावा पायजे?"

"पुरावा."

"मंग हा घ्या." त्यांनी काडेपेटीएवढा एक कॅमेरा काढला. हलका, एकच बटण, जुनं पुसून नवं आपोआप भरत जाणारा. "गाडी मागून मारते, पन पुढं निघाली का तिची पाठ दिसते. म्हून तोंड समोरच ठेवा. आन जरा वर उचला. सायकलवाला मान खाली घालते, मंग नुसता डांबर येते." शिवाय माइकवर घालायचं स्पंजचं टोपडंही त्यांनी पुढे केलं. कॅमेऱ्याला कानटोपी घालायला तो काय तान्हं बाळ आहे, असं म्हणून मी ते परत दिलं. फार विनोदी वाटलं होतं मला ते.

बसने नागभीड, तिथून आगगाडीने मूल. डब्याच्या दोन्ही बाजूंना बांध्या (धानाची बांध घातलेली शेतं), काही कापलेल्या, काही अजून पिवळ्याधमक, आणि त्यांच्या मागे सागाचं काळपट जंगल. मी हेल्मेट घालूनच बसलो होतो. समोरच्या धोतरवाल्या आजोबांनी बराच वेळ निरखून विचारलं, "वाघ मोजाले आले का साहेब?"

या जिल्ह्यात कॅमेरा म्हणजे वाघ. वनखातं झाडांना कॅमेरे बांधतं, ते वाघासाठीच. मग माणसाच्या डोक्याला बांधलेला तरी दुसऱ्या कशासाठी असेल? मी म्हटलं, "नाही बाबा, माणसं मोजायला."

"ते कोन मोजते," आजोबा म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले.

मूलला न्यायला दिनकरमामा आले होते. हे वनिताच्या नवऱ्याचे मामा आणि घरातला शेवटचा शब्द. त्यांची पांढरी पिकअप आहे, मागे निळी ताडपत्री. सध्या धानाची पोती गिरणीत पोचवायचे दिवस; मूलच्या रस्त्यावर तशा पिकअप एकामागोमाग एक, आणि सगळ्या जुळ्या बहिणी. माणूस दिलदार. वाटेत भजी खाऊ घातली, वर हिरवागार सांबार भुरभुरवून (सांबार म्हणजे इथे कोथिंबीर, मी अनेक वर्षांनी खाल्ला आणि राग क्षणभर विसरलो). पुढे बकरी दिसो, बाई दिसो, मामांचा अंगठा हॉर्नवर. "आपलं कसं हाय भाऊ, पयले हॉर्न, मंग बिरेक. तीस वर्षं झाली, बिगर हॉर्नची एक गाडी नाई काढली कोनाच्या बाजूनं."

मग त्यांनी वाघाच्या गोष्टी सुरू केल्या. त्या मी हसून ऐकल्या नाहीत. इथे वाघ गोष्टीतला नसतो. वनिताच्या गावातला एक माणूस सरपणाला गेला तो परत आला नाही, आणि त्याचं घर रस्त्यावरून दिसतं. इथल्या भीतीला नाव ठेवायची माझी टाप नाही. माझा राग वेगळ्यावर होता. एसटी उशिरा आली, वाघ. लाईनमन आला नाही, वाघ. बाई नाल्यात पडली, वाघच. तो बिचारा बांबूत झोपलेला असतो आणि गावभरचे आळ त्याच्या पाठीवर.

सकाळी वनिताने वेणीवर हेल्मेट चढवलं. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "काऊन वो, किरकेट खेळाले चालली का?"

"हो ना. येता का अंपायर म्हून?" वनिता म्हणाली आणि निघाली.

मी मागे दुसऱ्या सायकलवर. गावाची शीव ओलांडतो तोच माझी साखळी उतरली. मी खाली बसून काळ्या हातांनी तिच्याशी झोंबत होतो, तेव्हा पाठीमागून एक गाडी धडधडत गेली एवढंच कळलं. वळणापुढच्या मोरीजवळ पोचलो, तर सायकल आडवी आणि वनिता नाल्यात बसलेली. कोपर सोललेलं, पायात एक चप्पल.

"पायला ना भाऊ तुमी वाघ?" ती म्हणाली. हसली नाही.

संध्याकाळी कार्ड टीव्हीला जोडलं. ओसरीवर निम्मी आळी जमली. मधोमध खुर्चीत मामा, खाली वनिता आणि तिचा नवरा. कॅमेऱ्याने काम चोख केलं होतं. रस्ता स्वच्छ दिसत होता. आवाज मात्र नव्हता, नुसता वाऱ्याचा घोंघाट. इकबालभाईंचं टोपडं मला तेव्हा आठवलं. मोरी आली. उजवीकडून पांढरा पत्रा पडदाभर झाला, चित्र कलंडलं, आणि मग नाल्यातून दिसली लांब जाणारी पिकअप. नंबरावर निळ्या ताडपत्रीचा पदर लोंबत होता.

"थांबव, थांबव," कुणीतरी ओरडलं. "मागं घे. झुडपात पट्टे दिसले."

मागे घेतलं. पट्टे बांबूच्या सावलीचे होते.

"त्याच्या पलीकडं पाय. कान हाय तो."

पुन्हा मागे. वनिता पडद्यावर तिसऱ्यांदा नाल्यात पडली आणि ओसरीवरचा एकही डोळा तिच्यावर नव्हता. तिचा नवरासुद्धा झुडपाकडे बघत होता. मामा म्हणाले, "वाघ फोटूत येत नाई कधी कधी. पन असते तिथीच. मी म्हनतो ते आयका, पोरीनं घरी बसावं."

मग मात्र माझं डोकं फिरलं. मी उठून टीव्हीसमोर उभा राहिलो आणि नाटकातल्या राजासारखा आवाज लावला, कारण मला रागावताही तसंच येतं. म्हटलं, "तुमचा वाघ सापडला की मला कळवा. इथे एक बाई पडते आहे, ती आधी बघा. रस्ता मोकळा आहे, ऊन पडलेलं आहे, ती कडेने चालली आहे. जनावर कुठेही नाही. एक ड्रायव्हर आहे, त्याला अर्धा फूट बाजूला व्हायचा कंटाळा आहे, आणि तुम्ही सगळे मिळून त्याला झुडपात लपवता आहात. नोकरी सोडायची ती हिने. आणि तो कोण आहे माहीत आहे? समोर बाईमाणूस दिसत असताना साधा हॉर्नसुद्धा न वाजवणारा अडाणी माणूस."

मामा खुर्चीतून अर्धे उठले होते. चेहरा लालबुंद, बोट थेट टीव्हीवर.

"हॉर्न काऊन नाई? दोनदा वाजवला म्या. तीच बाजूले नाई झाली."